लाल रेघ, निळी रेघ

साधना मुनेश्वर दिग्रस आगारात कंडक्टर आहे. दिग्रस-पुसद रस्त्यावर तिला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत असा तर मुळीच नाही. "मधात सरका ना हो, दाराशी काय लग्न लागून राह्यलं का?" असं ती म्हणाली की अख्खी गाडी मागं सरकते, त्यात पोलिसही असतो आणि सरपंचही. तिच्या गाडीचा ड्रायव्हर गुलाबसिंग म्हणतो, मला हॉर्न वाजवायची गरजच पडत नाही, बाई आहे ना. तर अशी ही बाई एप्रिलातल्या त्या दुपारी माझ्या दुकानात पाण्याचा ग्लास धरून बसली होती आणि ग्लासातलं पाणी हलत होतं.

माझं दुकान म्हणजे स्टँडसमोरचं ऑनलाइन सेंटर. दाखले, पीक विमा, पोरांचे परीक्षेचे अर्ज, सगळं इथं भरून मिळतं आणि वर माझं बोलणं फुकट. मी सुचित्रा. वडील तहसीलमध्ये होते, त्यांच्याकडून मला अक्षर मिळालं आणि डोकंही, लगेच तापणारं. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला तसदी नको. साधनाचं आणि माझं जमतं ते बहुतेक यामुळंच. ड्युटी उतरली की ती माझ्याकडे येते, कारण माझ्या संगणकाचा पडदा मोठा आहे आणि तिला त्यावर तिचा भाऊ पाहायचा असतो.

भाऊ म्हणजे संघदीप. त्यांचे वडील देवराव जिनिंगमध्ये कामाला होते. ते गेले तेव्हा पोट्टा शाळेत होता. मग साधनानं खाकी घातली आणि त्याला वाढवलं. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायची, "एक पोट्टं वाढवून राह्यली ना, अजून कायले पायजे?" तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं त्याला हँग ग्लायडरचं वेड लागलं. तिकोनी मोठा पंख, त्याखाली माणूस पोटावर लोंबकळतो, ना इंजिन ना पेट्रोल. डोंगरावरून धावत सुटायचं आणि पाय उचलायचे. याच्या शर्यती असतात, ठरलेल्या खुणांना वळसा घालून कोण आधी पोहोचतो त्याच्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, काय बाप्पा हे, ज्या गावात सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी, तिथल्या पोराच्या डोक्यात हे भरवलं तरी कोणी. साधनाची आई सत्यशीलामावशी त्या पंखाला पतंगच म्हणते.

शर्यतीत प्रत्येकाजवळ एक यंत्र असतं. माणूस जिथून उडत जातो तिथून नकाशावर त्याची रेघ उमटत जाते, बाजूला उंचीचा आकडा. हे आपल्याला घरबसल्या दिसतं. संध्याकाळी तर दोघांच्या रेघा एकाच नकाशावर टाकून पुन्हा पहिल्यापासून चालवता येतात, म्हणजे कोण कुठं चुकला ते कळतं. साधनानं भावाच्या रेघेला निळा रंग दिला होता. काहून निळा, ते विचारायचं काम नाही.

पहिल्या दिवशी ती रेघ गोल गोल फिरायला लागली तेव्हा साधना माझ्या अंगावर ओरडली होती, "ताई, तो भटकला व." मग संघदीपनं फोनवर हसत हसत समजावलं. उन्हानं जमीन तापते, तिथून गरम हवा वर चढते, तिच्यात घारीसारख्या घिरट्या घालत वर जायचं. उंची मिळाली की सरळ पुढं निघायचं, आणि सरळ जाताना उंची कमी होत जाते. घिरट्या म्हणजे कमाई, सरळ रेघ म्हणजे खर्च. एवढं कळल्यावर साधनाला चेव आला. ती रोज संध्याकाळी येऊन बसू लागली आणि मी दुकान बंद करायला निघाले की म्हणायची, "उलिसं थांब ना."

आता लाल रेघेचं सांगते. नागपूरचा अनिमेष म्हणून एक पायलट होता, त्याची रेघ लाल. कधी हा पुढं, कधी तो. दोघं एकाच तंबूत राहायचे, एकाच ताटात जेवायचे, पण साधनाला त्याचं नाव काढलं तरी राग. ती त्याला लाल्या म्हणायची. "पाय, लाल्यानं इथं एक घिरकी जास्त मारली अन् वर गेला. आमचा येडा आधीच निघाला." मी म्हणायची, अगं तुझा भाऊ हवेत आहे, तिथं काय आहे ते त्याला दिसतं, तुला फक्त रेघ दिसते. पण ऐकेल ती साधना कसली. आपल्या लोकांची ही खोडच आहे. लेकरू शाळेत घातलं की शेजारच्या लेकराशी मोजायला लागतो. त्याला किती पडले, तुला किती पडले. हे लेकरू मोठं होऊन आभाळात गेलं तरी आपलं मोजणं सुटत नाही.

शर्यत हिमाचलात होती. शेवटच्या दिवसाआधीच्या संध्याकाळी तिनं दोन्ही रेघा लावल्या. लाल रेघ डोंगराच्या अंगाला अगदी लागून गेली होती. निळी रेघ दरीच्या बाजूनं, मोकळ्या हवेतून. आणि लाल पुढं होती. साधनानं तिथंच फोन लावला, मी शेजारी बसून ऐकत होते.

"तो अनिमेष डोंगराले चिकटून गेला म्हणून पुढं गेला. तू काहून दूर दूर पळून राह्यला? भेतो काय?"

"ताई, जवळ गेलं की हवा कवा पलटते सांगता येत नाही."

"त्याच्यासाठी नाही पलटत?"

मग तो म्हणाला, "बरं. पाहतो उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळची पुसद फेरी करून ती दुपारी आली. डोक्यावरचा रुमालही सोडला नाही, थेट खुर्ची ओढून पडद्यासमोर. बाहेर ऊन असं की स्टँडवर कुत्रं नव्हतं. माझा कूलर नुसता आवाज करत होता. निळी रेघ आणि लाल रेघ जवळजवळ होत्या आणि पहिल्यांदाच निळी थोडी पुढं होती. साधना खूश. "पाय ताई, आज चिकटून चालला डोंगराले. ऐकलं माह्यं." मी एका बाईच्या रेशन कार्डाचं काम करत होते, मी नुसतं हं म्हटलं.

आणि लाइट गेली.

उन्हाळ्यात दिग्रसची लाइट जाणं यात नवल काही नाही, पण त्या दिवशी साधना उठून उभी राहिली. मोबाइलवर नकाशा उघडायला गेली तर नेट रखडलेलं, पांढऱ्या पडद्यावर चक्र फिरतंय. रेशन कार्डवाली बाई म्हणाली, मी मंग येते. साधना दुकानाच्या दारात गेली, परत आली, पुन्हा दारात गेली. मी म्हटलं, "बस ना एका जागी, तुझ्या फिरण्यानं लाइट येणार आहे का?" ती बसली नाही.

लाइट आली. संगणक चालू व्हायला लागतो तेवढा वेळ लागला. नकाशा उघडला तेव्हा निळी रेघ डोंगराच्या पलीकडच्या अंगाला थांबलेली होती. उंचीचा आकडा एकदम खाली. साधनानं पडद्याजवळ तोंड नेलं. "उतरला असन," मी म्हटलं. ती लाल रेघ पाहत होती.

लाल रेघ पुढं गेली होती, मग वळून मागं आली होती. जिथं निळी थांबली, तिथंच वर ती गोल फिरत होती.

"शर्यतीत मागं कोण फिरते?" साधना म्हणाली. मग सांगू लागली, हळू आवाजात, मला सांगतेय की स्वतःला ते कळत नव्हतं. पुढं गेलेली गाडी उलटी फिरून येते ती रस्त्यात काही पाहिलं असेल तरच. आणि घिरट्या घालते आहे तर आकडा वाढायला पाहिजे. "तो वर चढून नाही राह्यला, ताई. आकडा पाय. उतरून राह्यला. तो कमाई नाही करून राह्यला. तो खाली काहीतरी पाहून राह्यला."

माझी सवय अशी की भीती वाटली की मी रागावते. म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं, उगाच अभद्र बोलू नको." तिनं संघदीपचा फोन लावला. बंद. शर्यतवाल्यांचा नंबर नकाशाखाली दिला होता, तो व्यस्त. पुन्हा व्यस्त. तेव्हा मी तिला पाणी दिलं, आणि ग्लास हलत होता असं म्हटलं ना, ते हे.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मावशी. साधनानं पडद्यावरची नजर न काढता स्पीकरवर घेतला.

"साधना, पोहचला व पोट्टा. मिस कॉल आला."

हे मिस कॉलचं सांगायला हवं. मुनेश्वरांच्या घरी ही रीत जुनी. संघदीप नवा नवा सैन्यात गेला तेव्हाची. उतरलो, पोहोचलो, बरा आहे, या सगळ्याचं मिळून एक मिस कॉल. आता बोलायला वेगळं काही लागत नाही, पण रीत काही सुटली नाही. मावशी फोन हातात घेऊन बसते, वाजू देते, उचलत नाही. उचलला तर तो मिस कॉल कसला. नंबर तिला वाचता येत नाही, साधनाला लावायचं तेवढं एक बटण ठाऊक, आणि नंबर तरी कोणता असणार, कुठल्याही शेतात उतरून जो भेटेल त्याच्या फोनवरून तो द्यायचा. वाजला की झालं. मग मावशी बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडते आणि कामाला लागते.

मी सुटकेचा श्वास सोडला. साधनाच्या पाठीवर थाप मारली आणि चांगलं झापलं, "बघ, उगाच जीव काढलास माझा." तीही हसायला लागली होती. म्हणजे तोंड हसत होतं, डोळे अजून पडद्यावरच. लाल रेघ अजून तिथंच फिरत होती.

पुन्हा मावशीचा फोन. "अजून एकदा आला व मिस कॉल. लय वेळ वाजला. आज खूश दिसते, जिंकला वाटते."

"हाव आई," साधना म्हणाली आणि फोन ठेवला. ती खुर्चीतून उठली. "सुचूताई, तो एकदाच देते. दोनदा कोणी मिस कॉल देते का? त्याले कोणीतरी उचलायले पायजे होतं."

मी दुकान उघडंच टाकलं आणि स्कूटी काढली. भीमनगरपर्यंत रस्ता तो केवढा, पण मला वाटत होतं गाडी पुढं सरकतच नाही. साधना मागं बसून एकच वाक्य बोलत होती, "मीच म्हटलं होतं, मीच म्हटलं होतं." मी म्हटलं, गप बस, काही झालेलं नाही. माझ्या बोलण्यावर माझाच विश्वास नव्हता.

मावशी अंगणात बाजेवर मुगवड्या वाळत घालत होती. फोन तिच्या मांडीवर. साधनानं आवाज कसा सांभाळला देव जाणे. म्हणाली, "आई, तुह्या फोनचं रिचार्ज पाहते," आणि फोन घेऊन घरामागं न्हाणीकडे गेली. मी तिच्या मागं. शेवटच्या मिस कॉलचा नंबर तिनं परत लावला.

एका बाईनं उचलला. पहाडी वळणाची हिंदी, धापा टाकत. बकऱ्या चारायला गेली होती म्हणे. आभाळातून पंख झाडांवर पडला, फांद्या तोडत उतारावर आला. लडका जिंदा है, बोल रहा है, पर उठ नहीं रहा. त्याच्या खिशातला फोन फुटला होता, त्यानं नंबर सांगितला, तिनं आपल्या फोनवरून दोनदा लावला, किसीने उठाया नहीं. वर एक दुसरा पंख फिरतोय, आणि खालून माणसं दोर घेऊन निघाली आहेत असं कोणीतरी ओरडून सांगितलं. मग तिनं फोन त्याच्या तोंडाशी धरला.

"ताई?"

"हाव. मी आहे. कुठी लागलं रे?"

"पाय मोडला. कंबर हलवता येऊन नाही राह्यली." तो थांबून थांबून बोलत होता. "आईनं काहून नाही उचलला?"

साधना म्हणाली, "तुले माहीत आहे ना आईचं. तिले वाटलं मिस कॉल आहे."

मग तो म्हणाला, "आईचाच नंबर पाठ आहे मले. दुसरा कोणाचाच नाही. ताई, मले भेव लागून राह्यलं. आईले दे ना. सांगू नको तिले काही. नुस्ती बोलू दे."

साधना माझ्याकडे पाहत राहिली. काय करायचं ते मला, सगळ्या गावाला सल्ले देणारीला, विचारत होती. मी नुसती हो म्हणून मान हलवली. ती अंगणात गेली आणि फोन आईपुढं धरला. "घे. संघदीप आहे."

मावशीनं हात पदराला पुसले. "काय रे, मिस कॉल दिला ना दोनदा, मंग कायले बोलून राह्यला?" असं म्हणून तिनं फोन कानाला लावला. तो काहीतरी बोलला. मग ती बोलू लागली.

मुगवड्या केल्या म्हणाली. या वर्षी डाळ चांगली निघाली. शेजारच्या धनीबाईच्या सुनेला पोरगी झाली, नाव अजून ठरलं नाही. घरावरचा पत्रा वाऱ्यानं वाजते, तू आला की एक दगड ठेवजो. पाणी पेजो, उन्हात रिकाम्या पोटी फिरू नोको. मध्ये मध्ये ती थांबे, तिकडून तो "हाव आई" म्हणत असावा, की ही पुन्हा सुरू. तिच्या तोंडून इतकं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मावशी मुळात कमी बोलणारी. साधना बाजेचा पाय धरून खाली बसली होती आणि ओठ दाताखाली. मला बाहेर पळून जावंसं वाटत होतं, खरंच सांगते. कोणत्या क्षणी तिकडचं "हाव" येणं बंद होईल या धास्तीनं मी मावशीच्या तोंडाकडे पाहत होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदाची मावशी म्हणाली, "माणसं आली का? बरं. जाय मंग त्याइच्या संगं. आरामात जाय, घाई नोको करू." आणि फोन ठेवला.

तुमचाही जीव टांगणीला नको म्हणून पुढचं इथंच सांगते. त्याला दोरांनी खाली उतरवला. मांडीचं हाड मोडलं होतं, मणक्याला मार होता. सैन्याच्या दवाखान्यात कितीतरी दिवस पडून होता, आता काठी घेऊन चालतो, उडणं मात्र संपलं. अनिमेष माणसं पोहोचेपर्यंत वर फिरत राहिला, मग मिळेल त्या मोकळ्या जागेत उतरला आणि शर्यतीत शेवटचा आला. दवाखान्यात साधनाला आधी अनिमेषच भेटला, तेव्हा तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. पण त्या दुपारी अंगणात यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. माणसं आली, एवढंच.

मावशीनं फोन बाजेवर ठेवला. उरलेल्या मुगवड्या घालायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"सांग आता," ती साधनाला म्हणाली, "काय काय मोडलं त्याचं?"

साधनानं मान वर केली. "तुले कसं…"

"लहानपणी ताप आला की असाच म्हणे, आई, बोलत राय." मावशीचा आवाज अजून तसाच होता, सरळ. "मी इचारलं नाही त्याले. इचारलं असतं तर त्याले सांगा लागलं असतं."

तेव्हा साधना फुटली. गाडीभर माणसांवर ओरडणारी बाई आईच्या मांडीत तोंड घालून रडायला लागली. पाय, कंबर, सगळं सांगितलं. आणि मग ते सांगितलं जे स्कूटीवर बडबडत होती. "मीच म्हटलं त्याले, आई. डोंगराले चिकटून जाय म्हटलं. तो अनिमेष पाय कसा गेला म्हटलं. भेतो काय म्हटलं. तो नव्हता जात."

मावशी तिच्या केसांवर हात ठेवून बसली. नाही म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं बाजेवरच्या फोनकडे पाहत म्हणाली, "अन् माह्या तर हातातच होता व. दोन्ही खेपेले. वाजत होता अन् मी हासून राह्यली होती."